सेवेची वारी

मंगळवार पेठेत राहणाऱ्या माणसाला परोपकाराचे फारसे अप्रूप नसते. आमच्याकडे कुणाच्या घरी काही झाले की तालमीची पोरे बोलावण्याआधी हजर असतात. खांदा द्यायला तीच, रक्त द्यायला तीच आणि लग्नाचा मांडव घालायलाही तीच. अशा वस्तीत साठ वर्षे काढलेल्या माणसाने 'सेवा' या विषयावर रविवारी सकाळी लांबलचक लिहावे, हे जरा आगाऊपणाचेच आहे. तरीही लिहितो आहे. कारण सेवेच्या नावाखाली आपण नेमके काय करतो, हा प्रश्न गेली काही वर्षे मला स्वस्थ बसू देत नाही.

सुरुवात झाली ती २०२१ च्या जुलैमधल्या महापुरापासून. मी मे महिन्यात बँकेतून निवृत्त झालो होतो. अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर घरी बसलेला माणूस जसा असतो, तसाच मी होतो. सकाळी वर्तमानपत्र दोनदा वाचावे, मिरजकर तिकटीपर्यंत पाय मोकळे करून यावे आणि अर्धवट राहिलेल्या कादंबरीची पाने उगीच चाळावीत, असा दिनक्रम. पंचगंगेचे पाणी चढत गेले, महामार्ग बंद झाला, नळाचे पाणी गेले. आमच्या गल्लीत पुराचे पाणी आले नाही. पण टँकरपुढे घागरी घेऊन आम्हीही उभे राहिलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाहिले होते. दोन वर्षांत दुसऱ्यांदा!

पाणी ओसरू लागले तेव्हा माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "आमची मंडळी शिरोळकडच्या एका गावात चार दिवस कामाला निघाली आहे. तुम्ही रिकामेच आहात, चला की!"

'मंडळी' हा शब्द इथे खास अर्थाने घ्यायचा. मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चच्या सभासदांच्या समुदायाला मंडळी म्हणतो, धर्मगुरूंना पाळक म्हणतो आणि चर्चला पुष्कळदा सरळ देऊळच म्हणतो. मी काही त्या मंडळीचा नव्हे. अंबाबाईला नवरात्रात एकदा हात जोडून येणारा आणि एरवी देवाला फारसा त्रास न देणारा असा मी माणूस आहे. पण सहकारी जिवाभावाचा होता. आणि खरे सांगायचे तर मनात आणखीही एक गोष्ट होती. कादंबरीकाराला पूर म्हणजे मजकूर! खिशात नवी वही टाकूनच मी घराबाहेर पडलो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे देवळाच्या आवारात जमले. आम्ही अठरा जण होतो. तरुण संघाची अकरा मुले-मुली, महिला मंडळाच्या चौघी, पाळकसाहेब, माझा सहकारी आणि मी. चादरींचे गठ्ठे बांधणे चालू होते. एका उत्साही मुलाने टेम्पोला लावायला मंडळीच्या नावाचा मोठा फलक करून आणला होता. पाळकसाहेबांनी तो पाहिला आणि शांतपणे गुंडाळून कपाटामागे उभा केला. ते म्हणाले, "तीन गोष्टी लक्षात ठेवा. फलक नाही, पुस्तिका नाही आणि कुणी मागितल्याशिवाय प्रार्थनाही नाही. आपण गाळ काढायला चाललो आहोत." मग सर्वांनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि मी चपला घालून बाजूला उभा राहिलो. तेवढ्यात एका मावशींनी माझ्या हातात दशम्यांचा डबा ठेवला. मी लगेच त्यांच्यातलाच झालो.

गावात पोहोचलो आणि पहिला धक्का बसला. शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा माणसाच्या उंचीचा ढीग पडला होता. आमच्याआधी पाच-सहा गाड्या येऊन गेल्या होत्या. त्या ढिगात नायलॉनच्या पार्टीच्या साड्या होत्या, सूट होते, एका पायाचे बूट होते. त्यावर आमच्या चादरींची भर पडली. एक बाई हसून म्हणाल्या, "चादरी लई झाल्या बगा. फावडी आनलासा काय? आनि वैरन?" आम्ही फावडी चारच आणली होती. वैरण तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. ज्या गावाचा संसार म्हशींच्या दुधावर चालतो, तिथे माणसांपुरते सामान घेऊन जाणारे आम्ही शहाणे!

तरी चार दिवस काम मात्र प्रामाणिकपणे झाले. ज्याने पुरानंतरचा गाळ काढलेला नाही, त्याला त्याची कल्पना यायची नाही. गुडघ्याएवढा चिकट चिखल आणि त्यात कुजलेले धान्य, मेलेली कोंबडी, मुलांच्या वह्या, देवघरातला एखादा टाक. वास तर अंघोळ करूनही जात नाही. तरुण संघातली ती मुले एरवी मोबाईलवरून मान वर न करणारी. पण त्यांनी दिवसाला तीन-तीन घरे धुऊन काढली. मला त्यांचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो.

दुसरा धक्का तिसऱ्या दिवशी बसला. दुपारी जेवायला बसलो तेव्हा सहज चौकशी केली की, ही भाकरी येते कुठून? कळले ते असे. आमच्या अठरा जणांसाठी गावातल्या तीन घरी चुली पेटत होत्या आणि पीठ शेजारच्या गावातून उसने आणले होते. पाहुणा दारी आला की त्याला उपाशी कसे ठेवायचे? पुरात सर्वस्व गेलेले गाव आम्हा मदतकर्त्यांना जेवू घालत होते! त्या दिवसापासून आम्ही शिधा आणून स्वतः शिजवू लागलो. पण दोन दिवस आम्ही त्या गावाच्या कर्जात जेवलो होतो, ही गोष्ट माझ्यातल्या बँकवाल्याच्या मनातून जाईना.

निघायच्या दिवशी एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी पदराखालून भिजून लगदा झालेले पासबुक काढले. सरकारचे सानुग्रह अनुदान थेट खात्यात जमा व्हायचे होते आणि खाते चालू आहे की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हते. कुणीतरी त्यांना सांगितले होते की, या पाहुण्यांत एक बँकेचे साहेब आहेत. गाडी सुरू झाली होती, मुले हाका मारत होती. मी पासबुकाचा आकडा कसाबसा उतरवून घेतला आणि म्हणालो, "आजी, काळजी करू नका. पुढच्या आठवड्यात येतो."

वाचकहो, मी गेलो नाही.

सबबी पुष्कळ होत्या. कादंबरीची मुद्रिते आली, पाऊस पुन्हा लागला, मग गणपती, मग दसरा. त्या चार दिवसांविषयी मी मात्र ठिकठिकाणी बोललो. आमच्या कट्ट्यावर बोललो, एका वाचनालयाच्या कार्यक्रमात बोललो, टाळ्याही घेतल्या. डिसेंबरात सहकाऱ्याच्या घरी नाताळच्या फराळाला गेलो, तेव्हा पाळकसाहेबांच्या पत्नीने करंजीची बशी पुढे करत सहज विचारले, "त्या पासबुकवाल्या आजींचं पुढं काय झालं हो?" माझ्या घशात करंजी अडकली.

जानेवारी २०२२ मध्ये पाळकसाहेब, दोन मुली आणि मी असे चौघेच गेलो. टेम्पो नाही, गठ्ठे नाहीत, सरळ एसटीने. आजी दारातच होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तुमी म्हनलासा, फुडल्या आठवड्यात येतो. आठ दिस यष्टीच्या टायमाला दारात बसून काढलं बगा. मग म्हटलं, ऱ्हाऊ द्या, कामाची मानसं."

एवढे बोलून त्यांनी चहा टाकला.

मी अडतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. किती म्हाताऱ्या माणसांना मी "उद्या या" म्हणालो असेन, याची गणती नाही. सही जुळत नाही, उद्या या. फोटो जुना आहे, उद्या या. साहेब रजेवर आहेत, सोमवारी या. नियमाने मी बरोबरच होतो. पण 'उद्या या' ऐकणारा माणूस उद्या खरोखरच येतो, त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवतो आणि एसटीचे तिकीट काढतो, हे मला त्या ओट्यावर चहा पिताना उमगले. आयुष्यभर मी लोकांना पुन्हा या म्हणत आलो; आता पुन्हा येण्याची पाळी माझी होती.

आजींचे खाते त्यांच्या आणि मालकांच्या संयुक्त नावावर होते. मालक वारून सहा वर्षे झालेली. दोन वर्षे खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते, तसे तेही झालेले. आधार कार्डावर नाव एक, पासबुकावर दुसरे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढायचा, नाव दुरुस्त करायचे, नव्याने केवायसी करायची, मग अर्ज द्यायचा. मला ही वाट डोळे मिटून ठाऊक होती. तरी तीन खेपा झाल्या. आणि गावात अशा आजी एकच नव्हत्या. दुसऱ्या खेपेला ओट्यावर अकरा पासबुके जमली होती. गाळ काढण्यात माझा उपयोग जेमतेमच होता, कंबर धरायची. पण पासबुकांच्या त्या ढिगापुढे मी बसलो आणि प्रथमच वाटले की, या गावाला मी काहीतरी लागतो.

या निमित्ताने मी थोडे वाचन केले आणि आमच्याच गावाशी जोडलेली एक हकीकत हाती लागली. रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ साली अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च कोल्हापुरात आहे, ते अनेकांनी पाहिले असेल. त्यांचा मुलगा रॉबर्ट हा १८६३ मध्ये इथे कोल्हापुरातच जन्मला. पुढे अमेरिकेत कॉलेजात असताना, १८८६ च्या उन्हाळ्यात, माउंट हर्मन येथील विद्यार्थ्यांच्या शिबिरात या रॉबर्टने पुढाकार घेतला आणि शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊन सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. त्यातूनच 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही विद्यार्थी स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. त्या शंभरांत जॉन मॉट होते, ज्यांना १९४६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे जगभरातल्या चर्चमधून आज तरुण मुले सेवेच्या दौऱ्यावर निघतात, त्या प्रथेची एक मुळी आपल्या पंचगंगेच्या काठी सापडते!

पण फरक पाहा. त्या शंभर मुलांनी जी प्रतिज्ञा केली ती आयुष्याची होती. मिरजेचे डॉक्टर वानलेस १८८९ मध्ये इकडे आले, १८९४ मध्ये त्यांनी रुग्णालय उभे केले आणि १९२८ पर्यंत ते इथे राहिले. एकोणचाळीस वर्षे! माणूस एवढा राहिला की त्याला भाषा येते, कुणाच्या घरी काय दुखते ते कळते आणि मुख्य म्हणजे आपले चुकले कुठे, हेही त्याला पाहावे लागते. आज जी प्रथा रूढ आहे, ती आठ-पंधरा दिवसांची. विमानाने जायचे, भिंत रंगवायची, मुलांबरोबर फोटो काढायचे आणि परत यायचे.

या दौऱ्यांचा हिशेब काही अभ्यासकांनी मांडला आहे. १९९८ मध्ये मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाला मिच चक्रीवादळाचा तडाखा बसला. उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून स्वयंसेवकांचे गट तिथे घरे बांधायला गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर पाहणी केली. प्रवासखर्च धरून त्या गटांना एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडले होते. स्थानिक संस्था तसेच घर सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधत होती. बरे, जाणाऱ्यांचे आयुष्य बदलते म्हणावे, तर परतल्यानंतर त्यांच्या दानधर्मात किंवा वागण्यात टिकाऊ असा फारसा बदल त्यांना आढळला नाही. हे वाचले आणि मीही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या टेम्पोचे भाडे, डिझेल, अठरा जणांचे खाणे. शेते पाण्याखाली गेल्यामुळे त्या गावातले शेतमजूर हात बांधून बसले होते. तोच पैसा त्यांना मजुरी म्हणून दिला असता, तर गाळही निघाला असता आणि चुलीही पेटल्या असत्या.

हा दोष काही चर्चचा नाही आणि परदेशाचाही नाही. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. तिची सात दिवसांची शिबिरे आपल्यापैकी अनेकांनी केली असतील. मीही केले. आम्ही एका वाडीला जोडणारा रस्ता केला, शेवटच्या रात्री शेकोटीभोवती गाणी म्हटली, रडलोसुद्धा. पुढच्या पावसाळ्यात तो रस्ता ओढ्याला वाहून गेला, हे मला पाच वर्षांनी योगायोगाने कळले. कारण आमच्यापैकी कुणी पुन्हा तिकडे फिरकलेच नव्हते. आणि गंमत अशी की, अशा गावाला आपण 'दत्तक गाव' म्हणतो. मूल दत्तक घेऊन आठ दिवसांनी परत देऊन टाकले, तर लोक आपल्याला काय म्हणतील?

याउलट जे थांबले त्यांचे उदाहरणही आपल्याच मातीत आहे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसाचा प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. सुरुवातीला माडिया लोक त्यांच्याजवळ यायला तयार नव्हते. त्यांनी वाट पाहिली, त्यांची भाषा शिकून घेतली. विश्वास बसायला वेळ लागतो आणि तो वेळ पाहुण्याकडे नसतो.

आता एक अवघड गोष्ट, जी टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. दुसऱ्या खेपेला गावातला एक तरुण मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, ही चर्चची मानसं न्हवं? मग ह्यांचं पुस्तक कवा निघनार?" त्याच्या प्रश्नात द्वेष नव्हता, शंका होती. तिला आपल्याकडे जुना इतिहास आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात जो वाद पेटला, तो याच शंकेचा. सल्लागार मंडळातून न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही तेव्हा बाजूला झाले. आणि त्याच रमाबाईंनी पुढे दुष्काळात शेकडो निराधार मुलींना छाया दिली, हेही तितकेच खरे. अडचणीतल्या माणसाच्या एका हातावर धान्य ठेवायचे आणि दुसऱ्या हातात आपला धर्म, पक्ष किंवा पुढाऱ्याचा फोटो द्यायचा, हे मला कुणीही केले तरी पटत नाही. उपाशी माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते. पाण्याच्या बाटल्यांवर पुढाऱ्यांची छबी चिकटवणारे आपण पाहिलेच आहेत; तेव्हा बोट एकाच समाजाकडे दाखवण्यात अर्थ नाही.

पण त्या तरुणाला उत्तर मी दिले नाही, पाळकसाहेबांनीही दिले नाही. ते आपले फॉर्म भरत बसले. सहाव्या की सातव्या खेपेला तोच तरुण एसटीच्या थांब्यावर आम्हाला घ्यायला आला होता. पुस्तक अजून निघाले नव्हते आणि त्यानेही विचारायचे सोडून दिले होते.

माझी स्वतःची झडती मात्र अजून पुरी व्हायची होती. २०२२ च्या दिवाळी अंकासाठी मी एक कथा लिहिली. पुरात अडकलेली आजी, दावणीच्या दोन म्हशी, त्यांची दावी कापायची की नाही हा पेच. नाव बदलले, गाव बदलले. कथेला चांगली पत्रे आली. त्यानंतरच्या खेपेला आजींच्या नातवाने तो अंक माझ्यासमोर ठेवला. कॉलेजात शिकणारा मुलगा. म्हणाला, "आजीची गोष्ट छापलीत काका. आजीला सांगितलंत का?"

मी गप्प. आजी म्हणाल्या, "काय ल्हिवलंय, वाचा की." मग त्या ओट्यावर मी माझीच कथा मोठ्याने वाचून दाखवली. आयुष्यात एवढे अवघड वाचन मी केलेले नाही. जी वाक्ये लिहिताना सुंदर वाटली होती, ती तिथे खोटी वाजू लागली. वाचून झाल्यावर आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हशी दोन न्हवत्या. तीन हुत्या." आणि उठून आत गेल्या.

तिसऱ्या म्हशीचे काय झाले, हे मी कधी विचारले नाही. ते मला न सांगण्याचा त्यांना हक्क आहे. तेव्हापासून त्या गावाला जाताना मी वही नेत नाही. आणि आज इथे हे लिहिण्याआधी आजींना आणि नातवाला विचारले आहे. "नाव घालू नगा, बाकी ल्हिवा," अशी परवानगी आहे.

मग काय, अशा दौऱ्यांना जाऊच नये? माझे मत तसे नाही. तरुण संघातली जी मुलगी पहिल्या दिवशी चिखलात पाय ठेवायला बिचकत होती, तिने पुढे त्या गावातल्या चार मुलींच्या दहावीच्या गणिताची जबाबदारी घेतली. पाहिल्याशिवाय, चिखलात उतरल्याशिवाय हे सुचले नसते. पहिला दौरा जाणाऱ्याच्या भल्याचा असतो, गावाचे त्यात थोडकेच होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त त्या शिकवणीचे श्रेय गावाला द्यावे, आपल्या नावावर पुण्य म्हणून जमा करू नये. गावाचे देणे फिटायला लागते ते दुसऱ्या खेपेपासून.

आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द तयारच आहेत. एक सहल आणि दुसरा वारी. सहल एकदा होते; तिच्यात आपली हौस असते, फोटो असतात आणि परतल्यावर ती संपते. वारकरी मात्र "गेल्या वर्षी जाऊन आलो" म्हणून घरी बसत नाही. त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवरून तो पुन्हा जातो. मुक्कामाच्या गावातली माणसे त्याला ओळखतात, एखाद्या वर्षी दिसला नाही तर चौकशी करतात. आपल्या सेवेचीही अशी वारी व्हायला हवी. आपण गेलो नाही तर कुणी चौकशी करील, एवढे नाते तरी जडायला हवे.

त्या मंडळीने आता आपला रिवाज बदलला आहे. वर्षाकाठी एक मोठा दौरा काढण्याऐवजी चार-चार माणसे वर्षातून पाच-सहा वेळा त्याच गावात जातात. जाण्याआधी फोन करून काय हवे ते विचारतात. कपडे नेत नाहीत. कामाला मजूर लागले तर गावातलेच लावतात. शिधा आपला नेतात. पण एक वेळचे जेवण कुणाच्या तरी घरी आग्रहाने होतेच आणि ते नाकारू नये, हेही आम्ही शिकलो. आपल्या घराघरांतून, तालमींतून, सोसायट्यांतून, भिशीच्या मंडळांतून हे होऊ शकते. त्याला ना चर्च लागते ना देऊळ. एक गाव, एक वस्ती, एक वसतिगृह धरावे आणि ते दहा वर्षे सोडू नये. ज्याला जे येते ते त्याने न्यावे. वायरमनने वायरिंग न्यावे, शिक्षिकेने गणित न्यावे, माझ्यासारख्याने फॉर्म भरण्याचे कसब न्यावे.

गेल्या महिन्यात गेलो होतो. एसटी थांब्यावर उतरलो तर आजी नेहमीप्रमाणे दारात बसलेल्या. हल्ली त्यांना कमी दिसते. पाऊलवाजावरून ओळखले असावे.

"आलासा व्हय? बसा. च्या घ्या." आणि मग पदराखालून बँकेचे एक पाकीट काढून माझ्या हातात देत म्हणाल्या, "ह्यो कागद कसला आलाय, बगा जरा."

केवायसी पुन्हा करायची होती. मी चष्मा काढला आणि ओट्यावर बसलो.